कौल जिंकता येत नाही

डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : ‘कौल देणे, कौल घेणे, कौल लावणे यांत नेमका फरक काय? “अमक्याने जनतेचा कौल जिंकला” हे वाक्य बरोबर आहे का? आणि हा शब्द संस्कृतातल्या कौल पंथावरून आला असे एका व्याख्यानात ऐकले, ते खरे का?’

मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रयोग निवडणुकीच्या दिवसांत सतत कानांवर आदळतो. साफ चूक आहे. निवडणूक जिंकतात, जागा जिंकतात, पैज जिंकतात. कौल मात्र दुसऱ्याने द्यायचा असतो. आपण तो मागावा. मिळेल किंवा मिळणार नाही. ‘कौल जिंकला’ म्हटले की देणारा वाक्यातून नाहीसा होतो आणि उरतो फक्त हार घातलेला नेता. मग त्याच भाषणात पुढे ‘मला पाच वर्षांचा कौल आहे, आता नियम दाखवणारे तुम्ही कोण?’ असेही ऐकू येते. शब्द बिघडला की त्यामागचा विचारही असा बिघडतो.

घराच्या छपरावरचे कौल वेगळे, ते सोडून देऊ. आपला कौल मूळचा अरबी. ‘क़ौल’ म्हणजे बोल, तोंडातून निघालेला शब्द आणि म्हणून दिलेले वचन. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. कव्वाली हा शब्दही याच ‘क़ौल’पासून झाला. म्हणजे गोव्यातल्या फोंड्याच्या देवळातला कौल आणि दर्ग्यातली कव्वाली ही सख्खी भावंडे. हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी तो दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

शब्द कौल पंथावरून आला, हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. ‘कुल’वरून झालेला कौल शाक्त परंपरेत आहे, काश्मिरी आडनावातही आहे, पण वचन, अभय, करार हे अर्थ त्याच्यातून कसे निघाले, हे कोणी दाखवत नाही. नुसता आवाज जुळला की नाते जुळवायचे, ही व्युत्पत्ती नव्हे. कौलनामा, कौलकरार हे जोडशब्द पाहा. दोन्हींचा दुसरा अर्धा भाग फारसी-अरबीच आहे. शब्द कुठून आला हे त्याची सोबत सांगते.

आता गाभाऱ्याकडे. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवी पडते की डावी, हे पाहायचे. गोव्यात याला प्रसाद असेही म्हणतात, कौलही म्हणतात आणि पुष्कळदा जोडून ‘कौलप्रसाद’ म्हणतात. माझ्या मते हा जोड बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत यांच्या जातीचा आहे : एक शब्द घरचा, एक फारसीतून आलेला, अर्थ जवळजवळ एकच. फोंडा आदिलशाहीत होता. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी तो किल्ला घेतला. दोन्ही राजवटींच्या दप्तरांत कौल हा रोजचा शब्द. लढाईने, दुष्काळाने ओस पडलेल्या गावात रयत परत यावी म्हणून सरकार कौल देई : या, जमीन कसा, सारा सुरुवातीला कमी घेऊ, पुढे चढत्या दराने घेऊ, तुम्हाला त्रास होणार नाही. त्या चढत्या दराला इस्तावा म्हणत. मला वाटते, दप्तरातला हा शब्द गाभाऱ्यात गेला तो एवढ्यासाठी, की ग्रामदेवता हीच गावची खरी धनीण. धन्याने द्यायचा कागद तो कौल, मग धनिणीने दिलेला शब्दही कौलच. मी हे अनेकांशी वाद घालून मांडत आलो आहे आणि अजून त्यावर ठाम आहे.

ही साखळी मान्य केली तर ‘जनतेचा कौल’ या प्रयोगाचे मोल कळते. राजाकडचा शब्द देवाकडे गेला आणि लोकशाहीत मतदाराकडे आला. धनी बदलला. कौल देणारा वर आणि घेणारा खाली, हा क्रम मात्र कुठेच बदलला नाही.

दुसरे असे की कौल हा घातलेल्या गाऱ्हाण्यापुरताच असतो. मुलीच्या लग्नासाठी कौल घेतला आणि त्यावर जमीन विकली, असे कोणी करत नाही. गोमंतकीय मतदाराला हे उत्तम कळते. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे त्यांची खूण फूल, संघप्रदेश राहावा म्हणणाऱ्यांची दोन पाने. (फूल आणि पाने! देवळातल्या कौलाची याहून जवळची आठवण कोणती?) कौल निष्पक्ष व्हावा म्हणून गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे सरकार आधीच पायउतार झाले होते. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. आणि मार्चमध्ये त्याच मतदारांनी विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवले. दोन गाऱ्हाणी, दोन वेगळे कौल. भाऊसाहेबांनी दोन्ही मानले, म्हणून मला तो काळ फार मोठा वाटतो.

याच्या उलट सप्टेंबर २०२२. काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्याच उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी निष्ठेची शपथ घेतली होती. त्या आठांतले एक, माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी पत्रकारांना सांगितले की आपण देवाला विचारले आणि देवाने संमती दिली. त्यांच्या श्रद्धेबद्दल मी बोलणार नाही. दोनतृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाला संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यात, वाट आहे, हेही खरे. पण शब्दाच्या बाजूने पाहिले तर मतदाराने दिलेला कौल देव बदलून देत नाही. ज्याने दिला, त्याच्याच पुढे पुन्हा गाऱ्हाणे घालावे लागते.

आणि माझा सर्वांत आवडता मुद्दा तर राहिलाच. दप्तरात कौल एकटा नसे. सरकारने कौल दिला की रयत उलट लिहून देई, तिला कबुलायत म्हणत. कौलात सवलत, कबुलायतीत जबाबदारी. आमदाराची कबुलायत म्हणजे संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतली शपथ : संविधानावर खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन. ती न घेता जो सभागृहात बसेल किंवा मत देईल, त्याला अनुच्छेद १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड आहे. ‘मला लोकांचा कौल आहे, घटनेचे काय सांगता?’ असे म्हणणारा कौल हातात धरतो आणि कबुलायत फाडतो. जुन्या मुलखात अशाची जमीन राहिली नसती.

बाईंचा पहिला प्रश्न : देव किंवा मतदार कौल देतो, गरजू माणूस तो घेतो आणि पाकळ्या चिकटवणारा पुजारी कौल लावतो. निवडणूक आयोगाने कौल लावला असे कोणी लिहीत नाही, पण लिहिले तर मी चूक काढणार नाही.