डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये क्लेरिकची दैवी जादू नेमकी कशी चालते? देव रागावला तर ती जाते का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. क्लेरिकला, म्हणजे या भूमिका घेऊन खेळायच्या खेळातल्या देवाच्या सेवकाला, स्पेल (जादूचे मंत्र) मिळतात कुठून, आणि देवाची मर्जी फिरली तर ते काढून घेतले जातात का? पहिल्याचं उत्तर नियमांत आहे, दुसऱ्याचं बऱ्याच अंशी तुमच्या डंजन मास्टरच्या (डीएम, म्हणजे खेळ चालवणारा) हातात. मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवरून लिहितोय. २०२४ च्या नियमांत एक मोठा फरक पडलाय, तो त्या ठिकाणी सांगतो.

विझार्डशी तुलना केली की गोष्ट पटकन कळते. विझार्ड, म्हणजे अभ्यासू जादूगार, जादू शिकतो. त्याच्या वहीत सुरुवातीला सहा स्पेल असतात, दर लेव्हलला (पात्राच्या अनुभवाच्या टप्प्याला) दोन वाढतात, आणि जे वहीत नाही ते त्याला येत नाही. क्लेरिकला वहीच नसते. त्याच्याकडे ज्या पातळीचे स्लॉट आहेत (पातळी म्हणजे स्पेलची ताकद, स्लॉट म्हणजे तो टाकायची दिवसातली एक संधी), तिथपर्यंतची क्लेरिकची सगळी यादी त्याला खुली असते. लाँग रेस्टनंतर, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीनंतर, प्रार्थनेला बसायचं आणि आजच्या दिवसासाठी काय हवं ते मागून घ्यायचं.

समजा तुमचा क्लेरिक तिसऱ्या लेव्हलचा आहे, लाइफ डोमेनचा (डोमेन म्हणजे देवाचं क्षेत्र), आणि विस्डम हा गुण १६, म्हणजे त्यातून मिळणारा मॉडिफायर ३. लेव्हलचे तीन अधिक मॉडिफायरचे तीन, असे सहा स्पेल तुम्ही निवडता. ब्लेस, क्युअर वूंड्ससारखे डोमेनचे चार स्पेल कायमच तयार असतात, ते या सहांत धरायचे नाहीत. वापरायला पहिल्या पातळीचे चार स्लॉट आणि दुसऱ्या पातळीचे दोन. काल भुतांच्या थडग्यात होतात आणि आज दरबारात जायचंय, तर यादी सकाळी बदला. नवे खेळाडू एकच यादी महिनोन्‌महिने चालवतात आणि क्लेरिकची सर्वांत मोठी ताकद वाया घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक स्पेलच्या वेळी देव वर बसून 'देऊ की नको' असं ठरवत नाही. मुखत्यारपत्र दिलेला माणूस प्रत्येक सहीसाठी मालकाला विचारायला जात नाही, तसंच हे. शक्ती देवाची, पण एकदा दिल्यावर ती जादूच्या सर्वसाधारण नियमांनीच चालते. तोंडात बोळा कोंबला तर शब्द लागणारा स्पेल टाकता येत नाही, देवाला मनातलं सगळं ऐकू येत असलं तरी. जादू दाबून टाकणाऱ्या अँटीमॅजिक फील्डमध्ये क्लेरिकचे स्पेलही बंद पडतात.

हे टेबलावर किती जिव्हारी लागतं ते एका लढाईत पाहिलंय. आमचा फायटर (योद्धा) शून्य हिट पॉइंटवर बेशुद्ध पडलेला, जीव वाचवण्यासाठीच्या डेथ सेव्हचे दोन फासे हुकलेले. तिसरा हुकला की संपलं. क्लेरिकने हीलिंग वर्ड हा बरं करणारा स्पेल टाकला आणि चाळीस फुटांवरच्या शत्रू जादूगाराने तो मोडणारा काउंटरस्पेल मारला. स्पेल विरला, स्लॉटही गेला. क्लेरिक खेळणारी मुलगी म्हणाली, "पण ही तर देवीची कृपा आहे, ती कशी थांबेल?" डीएमने बरोबर उत्तर दिलं: देवीची कृपा थांबलेली नाही, तुझे शब्द थांबलेत. ज्या साधनातून शक्ती येते ते माणसाचं असतं आणि माणसाला अडवता येतं. माझ्या मते दैवी जादूचा सगळा गाभा या उत्तरात आहे.

देव स्वतः उतरतो ती जागा वेगळी आहे: दहाव्या लेव्हलचं डिव्हाइन इंटरव्हेन्शन. २०१४ च्या नियमांत तुम्ही मदतीची याचना करता आणि शंभरचा फासा टाकता. आकडा तुमच्या क्लेरिक लेव्हलइतका किंवा त्याहून कमी आला तर देव धावून येतो. म्हणजे दहाव्या लेव्हलला शंभरात दहा. मदत मिळाली तर पुढचे सात दिवस पुन्हा मागता येत नाही, नाही मिळाली तर लाँग रेस्टनंतर परत याचना करायची. विसाव्या लेव्हलला फासाच लागत नाही. २०२४ मध्ये हे बदललं: दहाव्या लेव्हललाच, फासा न टाकता, पाचव्या पातळीपर्यंतचा क्लेरिकचा एक स्पेल स्लॉट न खर्चता मिळतो. खेळायला हे सोयीचं आहे, पण मला जुना नियम जास्त आवडतो. शंभरात दहाची शक्यता माहीत असूनही मागणं, ही खरी याचना वाटते.

शक्ती नेमकी कोण पुरवतं याची उत्तरं खेळाच्या इतिहासात बदलत आली आहेत. १९७४ च्या मूळ खेळात पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही स्पेल नव्हता. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये तर उतरंडच होती: पहिल्या दोन पातळ्यांचे स्पेल स्वतःच्या श्रद्धेतून आणि शिक्षणातून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीचे देवाच्या दूतांकडून, सहावी-सातवी थेट देवाकडून. एबेरॉन या खेळातल्या एका जगात देव आहेत की नाहीत हेच कुणाला ठामपणे सांगता येत नाही, तरी क्लेरिकचे स्पेल चालतात, कारण तिथे श्रद्धाच पुरेशी असते. पॅलाडिन या शपथबद्ध योद्ध्याची शक्ती पाचव्या आवृत्तीत त्याच्या शपथेतून येते, ड्रुइड या निसर्गपूजकाची निसर्गातून. म्हणजे दैवी जादूला देव लागतोच असं नाही, पण बांधिलकी लागते.

आता देवाच्या रागाचं. तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट नियम होता: देवाच्या आचारसंहितेचा घोर भंग केला की प्रायश्चित्त होईपर्यंत स्पेल बंद. पाचव्या आवृत्तीत क्लेरिकसाठी असा नियम नाही. शपथ मोडून पश्चात्तापही न करणाऱ्या पॅलाडिनबद्दल सूचना आहे, तीही डीएमच्या मर्जीवर. माझा आग्रह असा की खेळाडूची शक्ती भर लढाईत अचानक काढून घेऊ नये. तो चारचौघांत त्याला दिलेला दंड होतो, त्यातून गोष्ट पुढे सरकत नाही. आधी खुणा दाखवाव्यात: होली सिम्बॉल (देवाचं पवित्र चिन्ह) हातात थंडगार पडतं, बरी केलेली जखम व्रण ठेवून जाते, स्वप्नात देव पाठ फिरवून उभा असतो. स्पेल पूर्ण काम करतो, फक्त तो वेगळा दिसतो. खेळाडूला सुधारायला किंवा देव सोडायला वेळ मिळतो, आणि दोन्हींतून उत्तम सत्रं होतात. कँपेन (अनेक सत्रांची सलग कथा) सुरू होण्याआधीच डीएमला विचारा: माझ्या देवाला काय खपत नाही, आणि ते केलं तर काय होईल?

मेलेल्यांना परत आणण्याच्या स्पेलमध्ये देवाइतकीच मृताच्या इच्छेचीही अडचण असते. रेझ डेड मृत्यूनंतर दहा दिवसांपर्यंत चालतो, पण आत्मा मोकळा आणि यायला राजी हवा. मृत्यूला एक मिनिट व्हायच्या आत टाकायचा रिव्हिव्हिफाय तुम्हाला पाचव्या लेव्हलला मिळेल. एक मिनिट म्हणजे लढाईचे दहा राउंड. त्याला ३०० सुवर्णनाण्यांचे हिरे लागतात आणि ते जळून जातात. होली सिम्बॉल किंमत नसलेल्या साहित्याची जागा घेतं, हिऱ्यांची नाही. तेव्हा चौथ्या लेव्हललाच हिरे घेऊन ठेवा.