हॉस्टेल की फ्लॅट?

प्रश्न : ताई, मी बार्शीची. पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. आई म्हणते, कॉलेजच्या हॉस्टेलवरच राहा. मैत्रिणी कर्वेनगरला फ्लॅट घेतायत, त्यांचा आग्रह चाललाय. काय करू?

उत्तर : मी हॉस्टेल आणि बाहेर राहणं, दोन्ही भोगलंय गं. हॉस्टेलला दोन वर्षं, मग सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे कुणाच्या घरात एका खाटेपुरतं भाडं देऊन, एक. हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद व्हायचं, त्याचा मला भयंकर राग यायचा. पेठेत गेल्यावर कळलं की गेटऐवजी घरमालकीणबाई असतात आणि त्यांना गेटपेक्षा जास्त दिसतं! रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी. त्या रात्री आम्ही चौघी पार्ले-जी आणि चहावर. पण तापाने फणफणले तेव्हा हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या मुली आळीपाळीने जागल्या. पेठेत तापाशी माझं मीच बोलत बसले.

पहिलं वर्ष हॉस्टेलवरच काढ. फ्लॅटमध्ये अनामत, अकरा महिन्यांचा करार, गॅस, लाइटबिल, आणि एखादी मध्येच सोडून गेली की तिचा हिस्सा तुमच्या डोक्यावर. हॉस्टेलला नंबर नाहीच लागला, तर विद्यार्थी साहाय्यक समितीकडे चौकशी कर, त्यांचीही वसतिगृहं आहेत. गावाकडच्या गरजू मुलामुलींसाठी १९५५पासून काम करतात. अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध मुलींना सरकारी वसतिगृह मिळालं नाही, तर 'स्वाधार' योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात.

आणि हो, फ्लॅटवर शनिवारी मुक्कामाला जातेसच ना!