पावसाळ्यात स्लॅबला पीयू फोम मारावा का? ओल असेल तर काय होतं?

तुमचा प्रश्न असा: बडोद्यात रावपुऱ्यात वरच्या मजल्यावर घर, उन्हाळ्यात स्लॅब तापतो, पावसाळ्यात एका कोपऱ्यात ओल येते. ठेकेदार म्हणतो, ऑगस्टमध्येच आतून छताला पीयू स्प्रे फोम (फवारल्यावर फुगून कडक होणारा पॉलियुरेथेनचा थर) मारू, गरमी आणि गळती दोन्ही मिटतील.

गरमी कमी होईल. गळती फक्त दिसेनाशी होईल. पाणी फोमच्या मागून सरकत भलत्याच खोलीत टपकेल, आणि तोवर आतली सळई गंजत राहील.

मुळात ओल्या स्लॅबला फोम नीट धरतच नाही. माल दोन पिंपांतून येतो: आयसोसायनेट आणि पॉलिओल. गनच्या तोंडाशी दोन्ही सारख्या मापात मिसळतात. पण आयसोसायनेटची पाण्याशीही क्रिया होते. पृष्ठभाग ओला असला की त्यातलं काही पॉलिओलऐवजी त्या पाण्यातच खर्ची पडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तळाशी मोठ्या बुडबुड्यांचा ठिसूळ थर बनतो. वरून फोम छान फुगलेला दिसतो. पुढे टकटक केली की पोकळ वाजतो आणि तुकडाच्या तुकडा सुटून येतो.

स्लॅब हाताला कोरडा लागला म्हणून भागत नाही. साधारण ४५ बाय ४५ सेंमी प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, किमान १६ तास ठेवा. ऊन लागणार नाही अशी वेळ किंवा जागा निवडा. खालच्या बाजूला थेंब आले किंवा काँक्रीट काळपट पडलं तर काम पुढे ढकला. हवेचंही तसंच: स्लॅबचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) निदान ३ अंश जास्त हवं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास येतो, म्हणजे स्लॅब २८ च्या वर पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ दिवशी हे गणित जमवणं कठीण. माझ्या मते दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ घ्यावा. थंडीतही सकाळी गच्चीवर दव असतं, ते पूर्ण वाळल्याशिवाय गन हातात घेऊ देऊ नका.

आधी गळती. गच्चीवर पाणी भरून ४८ तास ठेवा, कुठून झिरपतं ते पाहा. बहुधा पावसाच्या पाइपाचं तोंड, पॅरापेटचा सांधा किंवा चायना मोझॅकमधली भेग निघते. दुरुस्ती करा, नीट वाळू द्या, मग पुन्हा प्लॅस्टिक लावून बघा.

आणि फोम आतून नाही, गच्चीवरून मारा. स्लॅब थंड राहतो आणि उरलीसुरली ओल खाली खोलीकडे वाळू शकते. बंद पेशींचाच (ज्याचे बारीक बुडबुडे बंद असतात, पाणी आत शिरत नाही) फोम मागा, घनता ४० ते ४८ किलो प्रति घनमीटर, जाडी ४० ते ५० मिमी, पॅरापेटवर वीतभर चढवून. स्वस्तातला मऊ, उघड्या पेशींचा फोम स्पंजसारखा पाणी पितो. पाण्यातून उष्णता अशा कोरड्या, बंद पेशींच्या फोमपेक्षा पंचवीसेक पट सहज जाते, त्यामुळे भिजलेला फोम म्हणजे पैसे वाया. एका हातात जाड थर मारू देऊ नका. आत उष्णता कोंडते, फोम करपतो किंवा तडकतो. उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो, म्हणून कोटिंग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, आणि त्यावर चालायला कोबा.

पिंपांकडेही बघा. आयसोसायनेटमध्ये दमट हवा गेली की पांढरे खडे धरतात, गनची जाळी चोंदते, माप बिघडतं. झाकण लावलेलं पिंप फुगलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, आत गॅस कोंडलेला असू शकतो. फवारणीच्या दिवशी, आणि त्यानंतर निदान २४ तास, वरच्या मजल्यावर कोणी थांबू नये.

कोटिंगआधी दोन-तीन ठिकाणी दोन इंचांचा चौकोन कापून उचकटून पाहा. फोम मधूनच फाटला आणि स्लॅबवर त्याचा थर राहिला तर पकड चांगली आहे. स्वच्छ सुटून खाली तपकिरी, काचेसारखी कुरकुरीत कड दिसली तर तेवढा भाग खरवडून पुन्हा मारायला लावा. ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या.