रिसेप्शनच्या पलीकडचं कॉलेज

प्रश्न : ताई, मी कराडजवळच्या गावातून लिहितोय. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, सीईटी देणार, इंजिनिअरिंगच करायचं म्हणते. आमच्या घरातून पुण्याला शिकायला जाणारी ती पहिलीच. मी आणि तिची आई तिला घेऊन दोन दिवस पुण्यात चार-पाच कॉलेजं बघून यायचं म्हणतोय, पण तिथं जाऊन नेमकं बघायचं काय? मी स्वतः दहावी, साखर कारखान्यात नोकरीला, मोठ्या गेटच्या आत गेलं की काय बोलावं तेच सुचत नाही. एका कॉलेजातून आत्तापासूनच फोन येतात, सीट बुक करून टाका म्हणून. आम्ही ओबीसी आहोत, उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. – एक वडील, कराड

उत्तर : दादा, तुम्ही दोघं तिच्याबरोबर जाताय हे वाचून खरंच बरं वाटलं. आणि बोलायला सुचत नाही याची काळजी सोडा, कारखान्यात काम केलेल्या माणसाला एखादी जागा नीट चालते की नुसती रंगवून ठेवलीय हे आत गेल्यावर पाच मिनिटांत कळतं, तीच नजर इथे वापरायचीय.

आधी त्या फोनचं बघू, कारण त्यात तुमचे पैसे अडकतील. आत्ता, सीईटी व्हायच्या आधी, जी सीट बुक करा म्हणतात ती बहुतेक मॅनेजमेंट कोट्यातली असते, म्हणजे कॉलेज स्वतःच भरतं ती. आपल्या सरकारने जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय काढला, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, २०२४-२५ पासून. पण ती मिळते कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या सरकारी प्रवेश प्रक्रियेतून, सीट लागली तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की ती सवलत गेली. खासगी विद्यापीठं आणि अभिमत म्हणजे डीम्ड विद्यापीठंही तिच्यात बसत नाहीत, आणि पुण्यात नावात ‘युनिव्हर्सिटी’ असलेल्या बऱ्याच जागा त्याच प्रकारातल्या आहेत. म्हणून प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारा, हे कॉलेज कॅपमध्ये आहे का आणि ओबीसी मुलीला फी माफी इथे लागते का, आणि उत्तर लिहून मागा. तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ ऐकून उठू नका. माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा फीची आहे, हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी वेगळी, तो आकडाही कागदावर घ्या. आणि सीट धरून ठेवतो म्हणून कुणी ओरिजिनल मार्कशीट मागितली तर अजिबात देऊ नका, ओरिजिनल तपासून लगेच परत द्यायची असा यूजीसीचाच, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचाच, नियम आहे.

आता जायचं कधी. बहुतेक आईबाप मे-जूनमध्ये जातात, रिझल्ट लागला की निघाले, आणि नेमकी तेव्हा वरच्या वर्गातली मुलं परीक्षा देऊन घरी गेलेली असतात, कॉलेज रिकामं, भेटतो तो फक्त ॲडमिशनच्या टेबलावरचा माणूस. जमलं तर आत्ताच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कामाच्या दिवशी जा, रविवारी नको. ते नाहीच जमलं तर कॅपचे राउंड चालू असतात तेव्हा जा, तोवर सीनिअर मुलं परत आलेली असतात.

गेलात की रिसेप्शनवर फार वेळ घालवू नका. तिथे फॉर्म भरून घेतात, नंबर घेतात, एखादा छान बोलणारा मुलगा किंवा मुलगी तुम्हाला ठरलेल्या रस्त्याने फिरवून आणते, ऑडिटोरियम, जिम, एसी सेमिनार हॉल. बघा, काही हरकत नाही. पण मग त्यांचे आभार मानून स्वतः फिरा. मुलीला जी ब्रँच हवीय तिच्याच डिपार्टमेंटला जा, प्रॅक्टिकल चालू असेल तर दारातून बघा, एका मशीनभोवती किती पोरं उभी आहेत, हात कोणाचे चालतायत आणि मागे नुसतं कोण उभं आहे. मशीनवर प्लॅस्टिक तसंच आहे का, लॅब असिस्टंट जागेवर आहे का. लायब्ररीत दुपारी चारला डोकवा, त्या वेळी पोरं बसलेली दिसली तर ती लायब्ररी जिवंत आहे. मुलींचं टॉयलेट तिच्या आईने जाऊन बघायचं, पाणी आहे का, कडी लागते का. हे मी अगदी सगळ्यांना सांगते कारण चार वर्षं रोज तिथे जायचंय आणि कुठल्याच माहितीपत्रकात हे नसतं.

हॉस्टेलचा माझा स्वतःचा अनुभव सांगते. भाचीला घेऊन एका कॉलेजात गेले होते, नाव नको. खोली दाखवली, दोन कॉट, टेबल, नवीन पडदे, आम्ही खूश. पैसे भरले. जुलैत सामान घेऊन गेलो तर तिसऱ्या मजल्यावर चार कॉट, दोघींना टेबलच नाही, आणि आम्ही बघितलेल्या खोलीला कुलूप, ती दाखवायचीच खोली होती म्हणे. मला अजून राग येतो, आणि जास्त वाईट याचं वाटतं की तिथे राहणाऱ्या एका मुलीला जरी मी विचारलं असतं तरी हे कळलं असतं. त्यामुळे दादा, ज्या खोलीत कोणी राहतंय ती खोली बघा. रात्री वॉर्डन तिथेच झोपते का, कोणी आजारी पडलं तर दवाखान्यात नेतं कोण, आणि हॉस्टेल कॉलेजचं स्वतःचं आहे की बाहेरच्या माणसाची बिल्डिंग भाड्याने घेतलीय, हे तिथल्या मुलींना विचारा. रॅगिंगचंही त्यांनाच विचारा, ऑफिसात विचारलं तर बोर्डाकडे बोट दाखवतील.

बोर्डावरनं आठवलं, गेटवर ‘नॅक ए प्लस’ असं मोठं लिहिलेलं असेल. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था, तिची श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते आणि त्या श्रेणीला मुदत असते. एनबीए ही इंजिनिअरिंगसारख्या कोर्सना मान्यता देणारी संस्था, तिची मान्यता ब्रँचप्रमाणे वेगळी असते, म्हणजे मेकॅनिकलला असेल आणि तुमच्या मुलीच्या ब्रँचला नसेलही, तेव्हा तिच्या ब्रँचचं विचारा. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज लिहितात, ते एका पोराचं असतं. त्यापेक्षा एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, दिलेली माहिती बघा, जे कॉलेज त्या रँकिंगमध्ये भाग घेतं त्याला ती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते, त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, आणि पगाराच्या क्रमाने लावलं तर बरोबर मधल्या मुलाला किती पगार मिळाला, सगळं आकड्यात असतं. मुलीला मोबाइलवर उघडायला सांगा, गाडीत बसूनही होईल.

आणखी एक, पत्ता. नावात पुणे असलं तरी कॉलेज वाघोलीला असतं, पिरंगुटला असतं, लोणावळ्याच्या बाजूलाही असतं. स्वारगेटला उतरून रिक्षा करू नका, पीएमपीच्या सिटी बसने जा, मुलगी जशी जाणार तसंच. किती वेळ लागला ते घड्याळात बघून वहीत लिहा, आणि संध्याकाळी सातला तिथून परतीची बस मिळते का तेही बघा.

वेळ उरला तर तिला गणेशखिंडीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नक्की न्या. तिथे मुख्यतः पदवीनंतरचं शिक्षण चालतं, त्यामुळे बारावीनंतरचं ॲडमिशन शोधायला म्हणून नाही, पण चारशेहून जास्त एकरांचा परिसर, वडाची मोठमोठी झाडं, आणि मधोमध ती जुनी मुख्य इमारत जी आधी मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होती आणि १९४९ ला विद्यापीठ झालं तेव्हापासून शिकणाऱ्यांची झाली. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्थाही त्याच आवारात, जयंत नारळीकरांनी उभी केलेली. पहिल्या पिढीच्या मुलीने हे बघावं असं मला मनापासून वाटतं, पुढे एम.टेक., पीएच.डी. अशाही वाटा आहेत हे ऐकणं वेगळं आणि तिथल्या कट्ट्यावर बसून चहा पिणं वेगळं.

प्रश्न : ताई, मी लातूरची, १७ वर्षांची. बाबांबरोबर दोन कॉलेजं बघून आले. सगळीकडे तेच बोलले, माझे मार्क सांगितले, मला कुठली ब्रँच हवी तेही त्यांनीच सांगितलं. मी गप्प उभी. आता पुढच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरला जायचंय आणि मला जावंसंच वाटत नाही.

उत्तर : अगं, जा. बाबांना राग येईल असं न बोलता निघायच्या आदल्या रात्री कामं वाटून घे. फी, शिष्यवृत्ती, हॉस्टेलचे पैसे हे बाबांनी विचारायचं, त्यांना ते तुझ्यापेक्षा चांगलं जमेल. डिपार्टमेंट, विषय, सर, लॅब हे तू. पाच प्रश्न वहीत लिहून ने आणि वही तुझ्या हातात ठेव, हातात वही असली की समोरचा माणूस आपोआप तुझ्याकडे बघून बोलतो, मी हे बघितलंय. सेकंड इयरच्या मुलीला गाठ आणि विचार, मागच्या सेममध्ये किती प्रॅक्टिकल खरंच झाली, शंका असली तर कुठल्या सरांकडे जाता येतं, परत निवडायचं असतं तर हेच कॉलेज घेतलं असतंस का. हा शेवटचा प्रश्न विचारून झाल्यावर ती किती वेळ थांबते ते बघ.

आणि बाबांकडे अर्धा तास माग, ते कॅन्टीनला बसतील, तू एकटी कॅम्पसवर फिर. बाबा जास्त बोलतात कारण त्यांनाही तिथे भीती वाटते गं, आत्ताच वरचं पत्र वाचलंस ना, तेही एका मुलीचे बाबाच आहेत. ते पत्र त्यांना बसमध्ये वाचायला दे.