तो इअरफोन परत द्या

प्रश्न : माझा मुलगा 15 वर्षांचा, सासरे 75 वर्षांचे. बाबांना गाण्यांचं वेड. त्यांच्या जुन्या कॅसेट्स मी डिजिटल करून घेतल्या आणि दर रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचं ठरवलं. मुलगा दहा मिनिटांत उठून जातो. मागे एकदा बाबांनी त्याचा एक इअरफोन मागून कानाला लावला होता, पण कर्कश वाटेल म्हणून मीच काढून घेतला. संगीताने घर जोडलं जातं म्हणतात, मग आमच्याकडेच असं का?
– एक हिरमुसलेली आई

उत्तर : अहो, जोडलं जातच होतं की! तुम्ही काढून घेतलंत.

कॅसेट्स, रविवार हे सगळं बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटली आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. आजोबांनी आपणहून मागितलं आणि नातवाने दिलं. पंधरा वर्षांचा मुलगा कानातला इअरफोन सहसा कुणाच्या हाती देत नाही. तुमचा हेतू काळजीचा होता, मान्य. पण कर्कश वाटलं तर ते सांगायला बाबा समर्थ आहेत.

आणि कानाचंच म्हणाल, तर वय वाढतं तसे आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ निसटतात, म्हणून गाण्याचे शब्द पुसट होतात. ठेका मात्र छान पोचतो. म्हणजे नातवाच्या गाण्यातला दणका बाबांना ऐकू येईल आणि शब्द त्यालाच विचारावे लागतील. विचारू देत ना! त्या मुलाला त्याच्या गाण्यांबद्दल घरात दुसरं कोण विचारतं? तुमच्या पत्रात तर तो काय ऐकतो याचा उल्लेखही नाही.

रविवारची बैठक बंद करा. तिथे तुम्ही वाढता आणि दोघांनी मुकाट गिळायचं असतं. बाबांची गाणी मुलापर्यंत पोचणार नाहीत, ही भीती सोडा. 2013 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विशीतल्या मुलामुलींना त्यांच्या जन्माआधीची गाणी ऐकवली, तर आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही त्यांना जवळची वाटली, त्यांच्याशी आठवणीही जोडलेल्या निघाल्या. लहानपणी ती घरात कानावर पडत राहिली असावीत, असा संशोधकांचा अंदाज. तेव्हा बाबांना त्यांच्या खोलीत, त्यांच्या मनाला येईल तेव्हा त्यांची गाणी लावू द्या. हजेरी घेऊ नका.

आज मात्र एक काम कराच. मुलाला सांगा, ‘त्या दिवशी मी मध्ये पडायला नको होतं. आजोबांना ते गाणं पुरतं ऐकव.’ दोन्ही कानांवर बसणारा हेडफोन असेल तर तो द्या, कारण एकाच इअरफोनमध्ये कधी कधी गाण्याची एकच बाजू येते. आवाज बेताचा ठेवायला सांगा आणि तिथून उठा. दारात रेंगाळू नका, फोटो काढू नका. बाबांनी तोंड वाकडं केलं आणि मुलगा हिरिरीने वाद घालू लागला, तर सोडवायला जाऊ नका. त्यानंतर कुणाचं गाणं लागेल, ते त्या दोघांना ठरवू द्या.