‘बिडी सोडा’ सांगून झाले, पुढे काय?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासणीसाठी येणाऱ्या पुरुषांना मी दर वेळी बिडी सोडायला सांगते. ‘सोडतो सिस्टर’ म्हणून ते मान हलवतात आणि फाटकाबाहेर जाऊन काडी ओढतात. याहून वेगळे काय करता येईल?

उत्तर : सिस्टर, तुमचे सांगणे वाया जाते असे मुळीच समजू नका. आरोग्य कर्मचाऱ्याने मिनिटभरात दिलेल्या स्पष्ट सल्ल्यानेही काही रुग्ण धूम्रपान सोडतात, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र तो उपचाराचा आरंभ असतो आणि आपल्यापैकी बहुतेक जण तिथेच थांबतात.

यापुढे सल्ल्याला दोन प्रश्न जोडा. सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने लागते, हा पहिला. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर निकोटीनची पकड घट्ट आहे आणि नुसत्या निर्धारावर भागणे अवघड आहे, असे धरून चाला. पूर्वी कधी सोडली होती का आणि पुन्हा कशामुळे धरली, हा दुसरा. आपल्याकडे याचे एक उत्तर हमखास येते : ‘बिडीबिगर पोट साफ होत नाही.’ यावर हसू नका. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे बिडी बंद केल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होणे ही खरी तक्रार आहे. हे आधी सांगितले नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कासावीस झालेला माणूस पुन्हा बिडीच्या कट्ट्याकडे हात नेतो. म्हणून उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि गरज वाटल्यास इसबगोल, एवढे त्याच भेटीत सुचवा. चिडचिड, झोपमोड आणि तलफ पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असते व साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरत जाते, हेही सांगून ठेवा.

तलफ कमी करणाऱ्या औषधांपैकी निकोटीनचे गम सर्वांत सहज मिळते. ते २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येते व अर्ध्या तासाच्या आत बिडी लागणाऱ्यांना सहसा ४ मिलिग्रॅमचे लागते. माझ्याकडे आलेल्या एका शेतकरी गृहस्थांनी ते साध्या च्युइंगमसारखे भराभर चावून लाळ गिळली. उचकी लागली, मळमळले आणि ‘हे सोसत नाही’ म्हणत त्यांनी उरलेली पट्टी परत आणून दिली. चूक माझी होती, कारण कसे चावायचे ते मी दाखवलेच नव्हते. तिखटसर चव येईपर्यंत सावकाश चावायचे, मग गालात दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे, असे सुमारे अर्धा तास करायचे. त्याआधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, कारण निकोटीन नीट शोषले जात नाही. दात नसलेल्यांसाठी त्वचेवर लावायचे पॅच असतात. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या. फिट येणाऱ्यांना बुप्रोपिऑन देत नाहीत. गरोदर स्त्रिया आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण यांनाही आधी डॉक्टरांकडेच पाठवा.

बिडी सोडण्याची पुढच्या पंधरवड्यातील एक तारीख रुग्णाकडूनच ठरवून घ्या आणि ती त्याच्या तपासणी कार्डावर लिहा. बिडी सोडून तंबाखू मळायला लागणारे पुष्कळ असतात, तेव्हा पुढच्या भेटीत तोंडात काय आहे तेही पाहा.

दसऱ्यानंतर तुमचे कितीतरी रुग्ण ऊसतोडीला जातील आणि नेमका तेव्हा पाठपुरावा तुटेल. त्यांचा नंबर घेऊन ठेवा. ठरलेल्या तारखेनंतर आठवड्याच्या आत एकदा आणि महिन्याने एकदा फोन करा. तलफ आली की त्यांनी स्वतः फोन करावा यासाठी तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय मोफत सेवा आहे : १८००-११-२३५६. हा क्रमांक तारखेखालीच लिहून द्या.