घराचं हक्कसोड झालं, म्हणजे कपाटाचंही झालं का?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. वडील 2019 मध्ये गेले. 2021 मध्ये मी आणि आईने राजापूर तालुक्यातल्या घराचं आणि जमिनीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र भावाच्या नावे करून दिलं, आनंदाने. आई त्याच घरात राहते. आता भावाने घरातलं शिसवी नक्षीदार कपाट, छपरी पलंग, ओटीवरचा झोपाळा आणि आजीची पितळी पट्ट्यांची पेटी मिळून 85,000 रुपयांना एका व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं आहे. 20,000 बयाणा घेतला असून पुढच्या आठवड्यात टेम्पो येणार आहे. कपाट आणि पलंग आजोबांनी मुंबईत नोकरीला असताना विकत घेतले होते. आजोबा 1971 मध्ये गेले, आजी 1988 मध्ये. पेटी आजीला लग्नात माहेरून मिळाली होती. आईने व्यापाऱ्यासमोरच ‘ही माझ्या सासूबाईंची पेटी आहे, विकायची नाही’ असं सांगितलं. भाऊ म्हणतो, ‘तू सही केलीस, आता तुझं काय राहिलं?’ खरंच माझं काही राहिलेलं नाही का? आणि या वस्तूंची खरी किंमत कशी कळेल?

उत्तर : ताई, राहिलेलं आहे. पण हातात दिवस थोडे आहेत, म्हणून आधी थांबवायचं कसं ते पाहू आणि किमतीकडे नंतर वळू.

हक्कसोडपत्राची प्रत काढा आणि मिळकतीचं वर्णन असलेलं पान वाचा. गट नंबर, घर नंबर, चतुःसीमा यांच्या शेवटी बहुतेक दस्तांत एक ठरलेलं वाक्य असतं : ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह’. तुमचा भाऊ कदाचित याच वाक्यावर बोट ठेवेल. पण यातलं काष्ठ म्हणजे जमिनीवरचं लाकूडफाटं, माजघरातलं कपाट नव्हे. तदंगभूत वस्तू म्हणजे घराच्या अंगाचाच भाग झालेल्या वस्तू : दारं, खिडक्या, खांब, भिंतीत बसवलेलं फडताळ. उचलून नेता येतं ते जंगम, आणि जंगमाचा हक्क सोडायचा तर दस्तात तसं म्हणावं लागतं. ‘घरातील सर्व जंगम वस्तूंसह’ असे शब्द तुमच्या दस्तात असतील तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते, हे आधीच सांगते.

झोपाळ्याचा प्रश्न थोडा नाजूक आहे. तुळईत ठोकलेल्या कड्या घराच्या. आकड्यावरून उतरवता येणारी फळी आणि पितळी साखळ्या माझ्या मते जंगम. उलट बाजूने युक्तिवाद होऊ शकतो, म्हणून सगळा जोर झोपाळ्यावर लावू नका.

आता वाटे. इथे तुमच्या पत्रात एक माणूस सुटलं आहे. तुमच्या वडिलांना बहीण आहे का? असेल, तर आजोबांचं कपाट आणि पलंग हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे आजी, वडील आणि आत्या यांच्याकडे सारखे गेले. मृत्युपत्र नसेल आणि दुसरे वारस नसतील, असं धरून सांगते. पुढे आजीचा तिसरा हिस्सा वडील आणि आत्यात अर्धा-अर्धा झाला. म्हणजे आत्या निम्मी, वडील निम्मे. पेटी तर आजीचं स्त्रीधन, तिचंही तेच : अर्धी आत्याची, अर्धी वडिलांची. वडिलांच्या अर्ध्यात आई, भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी एक षष्ठांश. तुमचं लग्न झालं असलं तरी यात तिळमात्र फरक पडत नाही. आत्या हयात नसेल तर तिचे वारस तिच्या जागी येतात. तिनेही पूर्वी हक्कसोड दिलं असेल तर तो दस्तही काढा आणि त्यातही हेच पान वाचा. आत्याला आजच फोन करा. निम्म्या मालकिणीला न विचारता सौदा झाला, हे तुमच्या षष्ठांशापेक्षा कितीतरी वजनदार आहे.

व्यापारी म्हणेल, ‘मी पैसे मोजलेत, मला काय माहीत?’ वस्तुविक्री कायदा, 1930 चं कलम 28 त्याला थोडा आधार देतं. सहमालकांच्या परवानगीने वस्तू एकट्याच्याच ताब्यात असेल आणि घेणाऱ्याने प्रामाणिकपणे, विकणाऱ्याला विकायचा अधिकार नाही याची माहिती नसताना ती घेतली असेल, तर घेणाऱ्याला मालकी मिळते. तुमच्या प्रकरणात दोन गोष्टी या कलमाच्या आड येतात. आई त्याच घरात राहते आणि तीही सहमालक आहे, तेव्हा ताबा भावाचा एकट्याचा नाही. आणि पेटीबाबत तर आईने तोंडावर सांगितलं. तिचं ते वाक्य व्यापाऱ्याला मिळालेली सूचनाच आहे. ते बयाण्याच्या आधी म्हटलं की नंतर, याने पुष्कळ फरक पडतो, म्हणून आईला नीट आठवून विचारा. तारीख, कोण कोण हजर होतं, काय बोलणं झालं, हे तिने स्वतःच्या हाताने लिहून सही करून ठेवावं.

आज भावाला आणि व्यापाऱ्याला, दोघांनाही लेखी नोटीस पाठवा. स्पीड पोस्टने पोचपावतीसह, आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही. वस्तू सामाईक आहेत, विक्रीला आमची संमती नाही, ताबा दिला-घेतला तर दावा लावू, एवढा मजकूर पुरे. सामान अजून घरात आहे ही मोठी जमेची बाजू. पण बयाण्याच्या पावतीत नेमकं काय लिहिलंय ते मिळवा, कारण ताबा देण्याआधीही करारानेच मालकी जाऊ शकते. नोटिशीने थांबलं नाही तर राजापूरच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. टेम्पो निघून गेलाच तरी वस्तू किंवा भरपाई मागता येते, पण त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत धरून चाला. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. पोलिसांत लगेच जाऊ नका. आईला त्याच घरात राहायचं आहे.

आता किंमत. 85,000 कमी की जास्त, हे फोटोवरून मी सांगणार नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पाहायचं काय ते सांगते. कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. तळाला आणि मागच्या बाजूला पॉलिश पोचत नाही, तिथे लाकूड खरं बोलतं : शिसवी जांभळट-तपकिरी, काळ्या रेघांचं आणि जड, वरून काळं केलेलं सागवान आतून पिवळसर निघतं. रंध्याचे हलके खाचखळगे बोटाला लागले तर हातकाम. एखादा स्क्रू काढून पाहा. टोकाला बोथट आणि खाच थोडी तिरकी असेल तर तो साधारण 1850 च्या आधीच्या पद्धतीचा. अणकुचीदार असेल तर नंतरचा, किंवा नंतर बदललेला. कुलपाशेजारी बुजवलेली भोकं दिसली तर कुलूप मूळचं नाही, आणि त्याने किंमत उतरते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचं दाट कोरीवकाम केलेलं फर्निचर मोठ्या प्रमाणावर होत असे, ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणून ते आजही ओळखलं जातं. आजोबांनी मुंबईतच घेतलं म्हणता, म्हणून जाणकाराला दाखवणं गरजेचं.

एक कळकळीची विनंती : घासू नका, पॉलिश करू नका. माझ्या एका पक्षकाराने दावा चालू असताना ‘किंमत वाढेल’ म्हणून लिहिण्याचं मेज तासून चकचकीत करून घेतलं. दीडशे वर्षांचा हात फिरून आलेली झाक एका दुपारीत गेली. कोर्टाने पाहणीसाठी नेमलेले कमिशनर आले तेव्हा वाटून घेण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

किंमत काढणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नसावा. शक्य तर दोन स्वतंत्र मूल्यांकनकारांकडून लेखी अंदाज घ्या. दावा झालाच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 26, नियम 9 खाली बाजारभाव ठरवायला कोर्ट कमिशनर मागता येतो.

व्यापाऱ्याला नोटिशीत आणखी एक प्रश्न विचारा : पुरावशेष विक्रीचा परवाना आहे का? शंभर वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. ती परदेशी पाठवणं तर खासगी माणसाला बंदच आहे. वस्तू त्यात मोडते की नाही, हे अखेर पुरातत्त्व खातं ठरवतं. भावाने उद्या घराच्या कोरीव चौकटी काढून विकायला काढल्या, तरी त्या त्याच्या मालकीच्या असूनही हाच कायदा लागू होऊ शकतो, कारण इमारतीतून सुट्या केलेल्या वस्तूही त्या व्याख्येत आहेत.

पेटीवर पांढऱ्या जडणकामाची फुलं आहेत का, तेही पाहा. भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसल्या तर बहुधा हाड. आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत, आणि मग पेटी विकताच येणार नाही, कितीही जुनी असो. वन्यजीव कायद्याप्रमाणे वारशाने आलेल्या हस्तिदंताची माहिती 90 दिवसांत वनखात्याला द्यावी लागते. ती दिलेली नसेल, तर आधी वकिलाशी बोला, मग पुढचं.

आणि आज संध्याकाळी आईला सांगा : खण काढून, दिवा लावून, प्रत्येक वस्तूचे पुढून, मागून, खालून फोटो काढून घ्यायचे. शेजारच्या मुलाला हाताशी घेतलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. टेम्पो यायच्या आत ते झालेलं हवं.